डाळमिल बीबीला गेली तेव्हा

मी उद्योग खात्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे कर्ज देणारं ऑफिस ना?" माझ्या निवृत्तीच्या कार्यक्रमात खुद्द माझी नणंद शेजारच्या बाईला तसंच सांगत होती. कर्ज बँक देते. आम्ही कारखानदाराला सरकारकडून कुठली सवलत मिळू शकते ते सांगायचो, त्याची कागदपत्रं तपासायचो, जागेवर जाऊन यंत्रं बघायचो आणि मग वर शिफारस पाठवायचो.

ही सवलत म्हणजे काय, ते आधी सांगते. सरकारनं राज्यातल्या तालुक्यांची प्रतवारी केलेली असते. जिथे कारखान्यांची गर्दी आहे तिथे सवलत थोडी. जिथे कारखाना शोधत हिंडावं लागतं तिथे जास्त. आमचा बुलढाणा जिल्हा बराचसा दुसऱ्या प्रकारातला. इथे कुणी नवा कारखाना काढला किंवा असलेला वाढवला, तर जमिनीच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क माफ होतं, विजेवरचं शुल्क काही वर्षं माफ होतं, भरलेल्या करातला हिस्सा ठराविक वर्षं परत मिळतो. ती वर्षं संपली की सवलत संपते. यात एक अट मोठी. गुंतवणूक नवी पाहिजे. जुनी यंत्रं उचलून नव्या जागी बसवली, तर ती धरत नाहीत.

या अटीपायी लोकांनी काय काय केलं! चिखलीकडच्या एका सरकी पेंडवाल्यानं मला त्याचं 'नवं कोरं' यंत्र मोठ्या अभिमानानं दाखवलं. मी वाकून त्यावरची पाटी वाचायला गेले आणि उठले तेव्हा माझ्या पांढऱ्या साडीचा पदर हिरवागार. रंग ओला होता. तो गृहस्थ क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्याडम, रंग तरी नवाच हाये." मी हसले आणि प्रस्ताव परत केला. ती साडी अजून कपाटात आहे.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण नोकरी संपून आता निवांत बसते तेव्हा मला आठवते ती जळगाव जामोदची एक डाळमिल. त्यात कुणी रंग लावला नव्हता. सगळं नियमात होतं. म्हणूनच ते प्रकरण मनातून जात नाही.

मिलचे मालक गोविंदशेठ. साठीचे, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा पुसायची सवय असलेले. त्यांच्या वडिलांनी गावात मिल काढली तेव्हा ती गावाबाहेर होती. नंतर गावच तिच्याभोवती वाढलं. एका सकाळी ते बुलढाण्याला आमच्या ऑफिसात आले आणि माझ्या टेबलासमोर बसून म्हणाले, "इंगळे मॅडम, मिल हलवतो. बीबीजवळ जमीन पाहिली आहे. हायवे जवळ, तूर जवळ. इथे माझ्या गल्लीत ट्रक वळत नाही. शेजारचे रोज भांडतात, की तुमच्या टरफलाची धूळ आमच्या पोळीवर येते. त्यांचंही बरोबर आहे."

बीबी म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, लोणार तालुक्यातलं मोठं गाव. जळगाव सातपुड्याच्या पायथ्याशी, बीबी जालन्याच्या वाटेवर. बोलीसुद्धा बदलते. शेठची योजना पक्की होती: सगळी यंत्रं नवी, तूर सुकवायला ड्रायर, डाळ निवडायला रंग ओळखून खडा बाजूला फेकणारं सॉर्टेक्स मशीन. आमच्या हिशेबात तो चांगला, मोठा, नवा प्रकल्प होता. आमच्या ऑफिसचे साहेब खूश झाले. अशा प्रस्तावाची आमचा जिल्हा वाटच पाहत असतो.

जुनी यंत्रं नव्या जागी जात नाहीत ना, हे बघायला मी जळगावला गेले. डाळमिल आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुरीचं साल सहज सुटत नाही. आधी ती दगडी रोलवर खरवडतात, मग तेलाचा हात लावून गच्चीवर उन्हात पसरतात, दिवसातून अनेकदा पायांनी आणि दाताळ्यानं हलवतात, आणि मग फोडतात. गोविंदशेठच्या गच्चीवर हे काम बायका करत. डोक्याला रुमाल, पायाला तेल, सगळी गच्ची पिवळीधमक. फोडलेली डाळ निवडायलाही बायकाच. त्यांची मुकादम कौसाबाई तायडे. तिची आईही याच गच्चीवर तूर हलवायची.

मी टिपणं घेत होते तेव्हा ती जवळ आली. "म्याडम, काय पाहून राह्यल्या?"

मी शेठकडे पाहिलं. ते चष्मा पुसू लागले.

"शेठजी, यांना सांगितलं नाही तुम्ही?" मी विचारलं.

"सांगणार होतो. दिवाळी होऊ द्या म्हटलं."

"आम्हाले माईत हाये," कौसाबाई म्हणाली. "अन्वरभाईनं सांगतलं. आमी फक्त पाहून राह्यलो, तुमी कवा सांगता ते."

अन्वरभाई मिलचे मिस्त्री. पंचेचाळिशीचे, दाढीत पांढरे केस, बोटांच्या रेघांत कायमचं काळं ग्रीस. रोल घासला की तो उतरवून टाचायचा, म्हणजे टाकीनं पुन्हा खरखरीत करायचा, पट्टा तुटला की शिवायचा, हे सगळं त्यांच्याकडे. शेठनं त्यांना बीबीला येण्याबद्दल विचारलं होतं. पगार वाढवून आणि राहायला दोन खोल्या. बायकांना विचारलं नव्हतं. विचारून उपयोगही नव्हता. ड्रायर आला की गच्ची लागत नाही, सॉर्टेक्स आलं की निवडणाऱ्या लागत नाहीत. आणि घर, पोरं, म्हातारी माणसं सोडून रोजंदारीसाठी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोण जाणार?

पुढच्या आठवड्यात त्या बुलढाण्याला आल्या. एसटीनं, घाट चढून, कौसाबाई आणि तिच्यासोबत मिलमधल्या बऱ्याच जणी. अन्वरभाईही होते. ऑफिसात एवढ्या खुर्च्या नव्हत्या, म्हणून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं की आम्ही हे थांबवू शकतो. मी सांगितलं की मालकानं मिल कुठे चालवायची हे आम्ही ठरवत नाही. हिशोबाचं काही राहिलं तर कामगार खात्याकडे जाता येईल, त्याचा पत्ता देते.

"हिशोब शेठ देईन," कौसाबाई म्हणाली. "थो माणूस तसा नाही. मले दुसरंच इचाराचं हाये. सरकार शेठले जायाले मदत करून राह्यलं, हो ना?"

"हो."

"मंग आमाले राह्याले कोन करते?"

मी इतकी वर्षं त्या खुर्चीत बसले, सवलतीबद्दल मला शेकडो प्रश्न विचारले गेले. हा कुणी विचारला नव्हता. आम्ही नव्या जागी किती लोकांना काम मिळणार ते बघतो, त्यात स्थानिक किती ते बघतो. जुन्या जागी किती हात रिकामे झाले ते कुणी बघायला सांगितलेलं नाही. मी त्यांना साहेबांकडे घेऊन गेले. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला, नीट ऐकून घेतलं आणि जे मी सांगितलं होतं तेच सांगितलं. चहा पिऊन झाल्यावर बायकांनी कप स्वतः धुऊन ठेवले. मला ते बघवलं नाही.

त्या जिन्याशी पोचल्या तेव्हा मी अन्वरभाईंना थांबवलं. "जुन्या डाळचक्कीचं शेठ काय करणार आहेत?"

"भंगारात देणार. नव्या जागी ते सरकार मानत नाही ना."

"चालते का ती?"

"चालते म्याडम. म्हातारी हाये, पन चालते."

"मग ती या बायकांसाठी मागा. आणि शेडही. मजुरीवर लोकांची डाळ करून देता येईल."

जागेचं मला ठाऊक होतं. शेठ आणि त्यांच्या भावांचा वाटणीचा वाद कोर्टात होता, त्यामुळे ती जागा लवकर विकली जाणार नव्हती. अन्वरभाईंनी जिना उतरणाऱ्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाया मागतील. पन चालवनार कोन?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता.

त्यानंतरची भेट मिलच्या आवारात झाली. मीही होते, अधिकारी म्हणून मला तिथे काही काम नव्हतं, पण कौसाबाईनं फोन करून बोलावलं होतं आणि रविवार होता. शेठ खाटेवर बसले होते. कौसाबाईनं सरळ विषय काढला. शेठ दुखावल्यासारखे म्हणाले, "मी काय तुमचा वैरी आहे का कौसाबाई? तुझी माय वारली तेव्हा मिल बंद ठेवली होती मी. पण ते जुनं धूड तुम्हाला देऊन काय होणार? महिन्याभरात बंद पडेल. मिस्त्री कुठून आणाल?"

"मी राहतो," अन्वरभाई म्हणाले.

शेठनं चष्मा काढला. "तू बीबीला येणार आहेस."

"येतो. नवी मशिनं बसवून देतो, तुमच्या पोरांले शिकवून देतो. एक सीझन पुरा तिकडे राहतो. मंग वापस येतो. त्याच्या बदल्यात चक्की आन् शेड यांले द्या."

"अन्वर, तिकडे पगार आहे. खोल्या आहेत. इथे तुला काय मिळणार? या बायका तुला काय देणार?"

"जे मिळन ते वाटून घेऊ."

"घरी विचारलंस?"

अन्वरभाई हसले. "घरवाली दोन दिवस बोलली नाही शेठ. काल बोलली. म्हणे, करा, पन मले नंतर रडून दाखवू नका."

शेठ उठले, आत जाऊन परत आले. ते म्हणाले, "भाऊ लोकांचा निकाल लागेपर्यंत शेड वापरा. चक्की घेऊन टाका. पण वीज तुमच्या नावावर करा, माझ्यावर बिल नको." आणि मग कौसाबाईकडे न बघता, "गच्चीचा कठडा एका बाजूनं खचला आहे. तिकडे कुणाला जाऊ देऊ नकोस."

वडिलांची मिल देऊन टाकताना माणूस एवढंच बोलू शकला.

शेठचा प्रस्ताव मंजूर झाला. तो व्हायलाच हवा होता. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं आणि मी काढलीही नाही. अन्वरभाई कबूल केल्याप्रमाणे एक सीझन बीबीला राहिले आणि परत आले. जुनी मिल पुन्हा सुरू झाली. आसपासच्या गावांतले लोक घरची तूर पोत्यात घालून आणत आणि डाळ करून नेत. सगळ्या बायकांना पुरेल एवढं काम नव्हतं. निम्म्याहून जास्त जणी दुसरीकडे गेल्या; कुणी शेतमजुरीला, कुणी लेकाकडे सुरतेला. राहिल्या त्यांनी आपला एक गट केला आणि पाळ्या लावून घेतल्या.

मग कौसाबाईचा अर्ज माझ्या टेबलावर आला. गटाच्या नावानं, रीतसर. नव्या उद्योगाला मिळते ती सवलत आम्हालाही मिळावी. निदान विजेची.

मला उत्तर माहीत होतं, तरी मी तो नाकारला नाही. वरच्या ऑफिसला लिहिलं की हे लोक जुन्या यंत्रावर का होईना, पण नव्यानं उद्योग करत आहेत, त्यांना विशेष बाब म्हणून विचारात घ्यावं. दुसऱ्यांदा लिहिलं. मुंबईला एका बैठकीला गेले तेव्हा एका वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटले. ते म्हणाले, "मॅडम, जुन्या यंत्राला एकदा दार उघडलं, तर उद्या राज्यातला प्रत्येक जण जुनं यंत्र या खोलीतून त्या खोलीत नेईल आणि सवलत मागेल." ते खोटं बोलत नव्हते. माझा हिरवा पदर मला आठवला. मी उठून आले.

नकार पोस्टानं पाठवण्याऐवजी मी स्वतः जळगावला गेले. कौसाबाई गच्चीवर होती. तूर हलवता हलवता तिनं ऐकलं.

"म्हंजे नवं घेतलं तं सरकार देते. जुनं चालवलं तं नाही."

"हो."

"काऊन?"

मी नियम समजावला. यंत्राला हिरवा रंग देणाऱ्या माणसाचीही गोष्ट सांगितली. ती थोडी हसली. "बरं," म्हणाली, आणि दाताळं उचलून पलीकडे पसरलेल्या तुरीकडे गेली. ती मला एखादा वाईट शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी बीबीच्या मिलची तपासणी माझ्याकडे आली. सवलत चालू ठेवायची तर मिल चालू आहे का, सांगितलेले लोक कामावर आहेत का, हे दरवर्षी बघावं लागतं. हिवरा आश्रम, मेहकर मागे टाकून मी पोचले, तर फाटकातच कौसाबाई आणि अन्वरभाई. जुन्या चक्कीचा रोल पार झिजला होता आणि त्या मापाचा एक जादा रोल शेठच्या सामानाबरोबर चुकून बीबीला आला होता. शेठनं फोनवर सांगितलं होतं, येऊन घेऊन जा. अन्वरभाई तो बघायला गोदामात गेले. कौसाबाईनं मला विचारलं, "म्या आत येऊ का? एकदा पाह्याचं हाये."

आम्ही दोघी आत गेलो. ऊन नाही, गच्ची नाही, धूळही जवळजवळ नाही. तूर एका तोंडातून आत जाते, डाळ दुसऱ्या तोंडातून बाहेर पडते. सॉर्टेक्सच्या काचेमागे दाणे धबधब्यासारखे पडतात आणि काळा दाणा दिसला की हवेचा फटका त्याला उडवतो. कौसाबाई त्या काचेसमोर बराच वेळ उभी राहिली. तिच्या आईनं आणि तिनं आयुष्यभर जे केलं ते त्या काचेमागे चाललं होतं. तिनं बाहेर पडणारी डाळ मुठीत घेतली, तळहातावर पसरली.

"चांगली हाये," ती म्हणाली. "खडा नाही."

यंत्रावर एक तरुण बाई होती. रेखा नाव, गाव बीबीच्या शिवेवरचंच. माझ्या कामाचा भाग म्हणून मी तिला विचारलं, कधीपासून आहेस, पगार वेळेवर मिळतो का. ती खुलून बोलत होती. "आदी आमी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायाचो. मी, माजे मालक, लेकरू संगं. चार-सा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राह्याचं. लेकराची शाळा कुठली? आता दोन वर्सं झाले, गेलोच नाही. लेक साळंत जाती. कोयता माळ्यावर टाकलाय."

मी कौसाबाईकडे बघायचं टाळत होते. इतकी वर्षं मनात एक तराजू होता आणि त्याच्या एका पारड्यात फक्त जळगावची गच्ची होती. आता दुसऱ्या पारड्यात ही मुलगी येऊन बसली होती, हसत.

कौसाबाईनं तिला विचारलं, "बसाले देतात का मधात?"

"देतात की. जेवायला खोली बी हाये."

"शेठ चांगला हाये," कौसाबाई म्हणाली. "दवाखान्याले पैसे लागले तं माग, नाही म्हननार नाही. पन आपनहून देनार नाही, मागाच लागते." मग ती तिच्या आणखी जवळ गेली. यंत्राच्या आवाजात तिला मोठ्यानं बोलावं लागलं. "पोरी, एक सांगू? शेठले सरकारची मदत किती वर्सं हाये, थे या म्याडमले इचारून ठेव."

रेखाला कळलं नाही. "मदत? कशाची?"

"मिल इथं आनल्याची. थे सरली की शेठ नाही तं त्याचा पोरगा नवी जागा पाहीन. आमच्या इथूनही गेला थो. वाईट नाही माणूस. पन जाते."

रेखा माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. आता तिथे मी तपासणी करणारी अधिकारी होते आणि असल्या प्रश्नाचं उत्तर मजुराला देण्याची काही पद्धत नव्हती. मनाईही नव्हती. मी तिला सांगितलं, अजून किती वर्षं उरली आहेत ते. हेही सांगितलं की त्यानंतर मिल जाईलच असं नाही. पुष्कळ कारखाने राहतात. कौसाबाईनं मान हलवली, पटल्यासारखी की नुसतीच, ते मला समजलं नाही.

रेखानं ओठ हलवत काहीतरी मोजलं.

"तव्हर लेक बारावीला जाईल," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "लई झालं मंग."

बाहेरून अन्वरभाईंनी हाक दिली. रोल टेंपोत चढवायला माणसं हवी होती. कौसाबाई निघाली. रेखानं आपल्या जागी दुसऱ्या बाईला उभं केलं आणि तीही हात द्यायला तिच्यामागे बाहेर पळाली.